तळाचं शिसं

तुरुंगाचा कारकून यादी वाचत होता आणि एकेक वस्तू खिडकीतून पुढे सरकवत होता. चष्मा एक, काडी दोऱ्याने बांधलेली. स्वेटर एक. पत्रं एकवीस. दाढीचा ब्रश एक. कंगवा एक.

"कंगवा त्यांचा नाही," ती म्हणाली.

"यादीत आहे."

"अहो, त्यांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता."

कारकुनाने यादीवर पुन्हा बोट फिरवलं. "यादीत आहे म्हणजे त्यांचाच," तो म्हणाला, आणि मग जरा मवाळ होऊन, "आत माणसं एकमेकांना काहीबाही देतात, ताई. राहू द्या. परत घ्यायचा झाला तर त्याला वेगळा कागद लागतो, आणि तो माझ्याकडे नाही."

तिने कंगवा पिशवीत टाकला. शेजारच्या खिडकीत एका म्हातारीचं गाठोडं काट्यावर चढलं होतं. पाच किलोच्या वर पार्सल आत जात नसे आणि काटा पाच किलो एकशे चाळीस दाखवत होता.

"घरून पावणेपाच मोजून आणलंय रे बाबा."

"मग घरचा काटा तुमच्यासारखाच थकला असेल, आजी," आतला शिपाई म्हणाला. म्हातारी तिथेच फरशीवर बसली, गाठ सोडली आणि काय काय काढून ठेवायचं ते बघत राहिली.

कारकुनाने शेवटी एक छापील कागद दिला. "अपील चालू होतं ना वडिलांचं? माणूस गेला की अपीलही जातं. तीस दिवसांत जवळच्या नातेवाइकाने अर्ज केला तरच पुढे चालतं. पण तसा अर्ज कुणी करत नाही."

"का?"

"करून काय करायचं?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. कुणी सांगितलं तर त्याला हवंच होतं.

*

अप्पा काटेवाले होते. वळणावरच्या आठ बाय दहाच्या दुकानात त्यांनी चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांची वजनं खरी केली. दांडीचे तराजू, स्प्रिंगचे काटे, सोनारांचे नाजूक काचपेटीतले काटे, आणि मग दिव्याच्या आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक. दुकानदार काटा मारतो की नाही हे त्यांना त्याच्या बोलण्यावरूनच कळायचं म्हणे. अशा गिऱ्हाइकाचं काम ते करायचे, पण चहा घ्यायचे नाहीत. लेक जन्मली ती इवलीशी, तोळामासा. तराजूची पारडी जुळेनात की हलक्या बाजूला जो खडा बांधतात त्याला पासंग म्हणतात. अप्पांनी लेकीला पाहिलं आणि तेच नाव ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण ते घरात कुणी वापरलं नाही. आई गेल्यावर तिला पासंग म्हणणारं माणूस एकच उरलं होतं.

गुन्हा त्यांनी केला होता. याबाबतीत तिने स्वतःला कधी फसवलं नाही. इलेक्ट्रॉनिक काटे स्वस्त झाले, बिघडला की लोक नवा आणू लागले, आणि दुकानात दिवसच्या दिवस कुणी फिरकेना. तेव्हा दोघे जण लहान काटे घेऊन यायला लागले. ते सोनार नव्हते. पण अर्ध्या ग्रॅमचा फरक त्यांना खपत नसे, अप्पांचं काम ते उभं राहून बघत, "वा, काका" म्हणत. वजनाची कदर असलेली तेवढीच माणसं गावात उरली होती. वर्षभराने त्यांनी दुरुस्त काट्याच्या खोक्यातून एक पुडी कुठेतरी पोचवायला सांगितली. अप्पांनी विचारलं नाही, कारण त्यांना माहीत होतं. चौथ्या खेपेला ते पकडले गेले.

पुढचं ठाण्यात वर्षभर विनोद म्हणून सांगितलं गेलं.

फौजदारांनी वेष्टन काढून पुडीतला माल काट्यावर ठेवला. दोनशे त्रेचाळीस ग्रॅम. कायद्यात अडीचशेची रेघ आहे. रेघेच्या अलीकडे न्यायाधीशाला मोकळीक असते, अप्पांसारख्याला फार तर तीन-चार वर्षं. रेघेवर गेलं की दहाच्या खाली यायला न्यायाधीशाचेही हात बांधलेले. हवालदार आकडा लिहून घेत होता. तेवढ्यात बाकावरून अप्पा म्हणाले, "साहेब, काटा कमी दाखवतोय."

"काय?"

"ताटली एका अंगाला टेकलीय. आठ-नऊ ग्रॅम तरी खातोय काटा."

"काका, तुम्हाला पकडलंय. काटा दुरुस्त करायला नाही बोलावलं."

"ते झालंच. पण असला काटा ठेवून बाकीच्यांचा न्याय कसा करणार तुम्ही?"

सगळे हसले. फौजदारही हसले, आणि म्हणाले, बघू द्या रे त्यांना, म्हाताऱ्याची हौस. अप्पांनी स्वतःची पिशवी मागितली. चिमट्याने ताटलीखालून बिस्किटाचा एक तुकडा काढला, तळाच्या पायाचा स्क्रू फिरवून काटा समतोल केला, आपल्या पेटीतलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन ठेवून आकडा जुळवला. मग हात पुसून बाकावर जाऊन बसले. माल पुन्हा चढवला. दोनशे बावन्न.

हसणारं कुणी राहिलं नाही. हवालदाराने आधीचा आकडा खोडला, नवा लिहिला, आणि प्रामाणिक माणूस असल्याने समासात हेही लिहिलं की काटा आरोपीनेच दुरुस्त केला.

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं असतात. अप्पांनी धोंडाही आधी मोजून घेतला.

*

वकीलबाई सरकारने नेमून दिलेल्या होत्या. जिन्याखालच्या खोलीत बसायच्या, बोलताना पेनाचं टोपण चावायच्या. अप्पा असताना त्यांनी एकच मुद्दा मांडायचा म्हटलं होतं: आरोपी एकाहत्तर वर्षांचा, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याने हात लावलेल्या काट्यावर विश्वास कसा ठेवायचा? शंका आली की फायदा आरोपीला. पहिला आकडा धरा आणि शिक्षा कमी करा. अप्पांनी सही केली नव्हती. "माझ्या हातचा काटा खोटा होता असं लिहिणार असाल, तर दहा वर्षं काढतो मी," म्हणाले. मग अपील नुसतं वय आणि चांगली वागणूक यांवर गेलं, आणि त्यात काही दम नव्हता.

लेकीने त्यांना विनवलं होतं. शेवटच्या भेटीत, काचेच्या पलीकडून.

"एक वाक्य आहे, अप्पा. काटा चुकला असेल, एवढं म्हणा. आणि घरी या."

"गुन्हा केला, तो कबूल केला. वर आता मापात पाप कशाला, बाळ?"

"मला सात वर्षं जास्त काढावी लागणार आहेत त्या दोन ग्रॅमपायी. तुम्हाला नाही, मला. रोज संध्याकाळी कुलूप मी उघडते."

ते चष्म्याच्या काडीचा दोरा चाचपत राहिले.

"तुमच्या काट्यापुढे मी कोण?" ती म्हणाली. "पासंगालाही पुरत नाही."

अप्पांनी काचेवरचा एक डाग अंगठ्याने पुसायला घेतला. डाग तिच्या बाजूने होता. वेळ संपली. अकरा दिवसांनी तुरुंगाच्या दवाखान्यात, दुपारी, ते गेले.

धाकट्या भावाला तिने फोन केला. तो लांब होता, अंत्यविधीला येऊन दोन दिवसांत परत गेला होता.

"अर्ज करायचा म्हणतेस?" तो म्हणाला. "ताई, बैल गेला आणि झोपा केला. आता त्यांची शिक्षा कमी होऊन कोण सुटणार आहे?"

"नावावर दहा वर्षं आहेत त्यांच्या."

"नाव कुणाच्या लक्षात आहे? लोकांच्या लक्षात काय आहे माहितीये? बिस्किट. माझ्या ऑफिसात एकाला कळलं, तर तो अजून मला चहाबरोबर बिस्किट देताना विचारतो, मोजून देऊ का."

तिला हसू आलं आणि त्यालाही आलं.

"तुला करायचं तर कर," तो म्हणाला. "माझी सही लागली तर सांग."

ती ग्रंथालयात काम करत होती, पुस्तकं परत घेण्याच्या खिडकीवर. दिवसभर लोक तिच्यापुढे पुस्तक ठेवत, ती तारीख बघे, उशीर झाला असेल तर सांगे. पुस्तक परत आणणारा माणूस फारसं बोलत नाही. त्याचं लक्ष पुढच्या पुस्तकाकडे असतं. घरी दोन खोल्या, खाली बंद दुकान. संध्याकाळी ती स्वयंपाक करायची ते दोघांपुरता, सवयीने, गेली तीन वर्षं. अप्पा परत येणार या हिशेबाने निदान त्या सवयीला काही अर्थ होता. आता उरलेलं ती दुसऱ्या दिवशी डब्यात नेत असे आणि त्याच खिडकीमागे बसून खात असे.

एकोणिसाव्या दिवशी तिने अर्ज केला.

"आता डोळ्यांचा कागद आणा," वकीलबाई म्हणाल्या. "ते नाहीत अडवायला."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच अप्पांना घेऊन गेली होती. कागद कपाटात, वरच्या खणात होता. तिने खण उघडला नाही.

*

अप्पांच्या कामाची पिशवी ठाण्याच्या कोठारात सीलबंद पडली होती. ती वारसाला परत मिळते, असं वकीलबाईंनी सांगितलं. कोठाराचा हवालदार तोच निघाला, समासात लिहिणारा. आता त्याचं पोट सुटलं होतं. त्याने सील तोडलं, चष्मा लावला आणि एकेक वस्तू लिहू लागला: चिमटा, दोन पेचकस, फडकं, वजनांची लाकडी पेटी.

"काका फार सरळ होते हो," तो मान वर न करता म्हणाला. "मी लिहायला नको होतं."

"तुम्ही खरं तेच लिहिलंत."

"हो ना. तेच."

पेटीत मखमलीच्या खाचांत वजनं बसलेली होती, पन्नासचं, शंभरचं, दोनशेचं. तिने दोनशेचं उचललं, तेव्हा खाचेत काहीतरी करडं घरंगळलं. वाटाण्याहून लहान.

"हे काय? गोळी बिळी?"

"शिसं." तिने वजन उलटं केलं. पितळी वजनाच्या तळाला एक बारीक भोक असतं. वजन नेमकं भरावं म्हणून त्यात शिसं ठोकतात आणि त्यावर सरकारी शिक्का उमटवतात. ते भोक रिकामं होतं.

हवालदाराने लिहिलं: शिशाचा तुकडा एक, सुटा. ती बघत राहिली. तिच्या पोटात कुठेतरी खूप खाली काहीतरी उजळलं होतं आणि तिला त्याची लाज वाटत होती.

वकीलबाईंनी टोपण तोंडातून काढलं. "म्हणजे वजनच हलकं? हलक्या वजनाला दोनशे मानून काटा जुळवला तर काटा जास्त दाखवणार! मोजून आणा. अधिकृत. डोळे नकोत, काही नको. हे बास."

वजनमाप कार्यालयातल्या निरीक्षकांना घरात शिक्केवाले काका म्हणत. तीस वर्षं दर वर्षी अप्पा त्यांच्याकडे पेटी घेऊन जात. ती गेली तेव्हा त्यांनी तिला आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर उगाच खूप वेळ टेबल आवरत बसले.

"अगं, मला यायचं होतं भेटायला. पण सरकारी माणूस, तुरुंगात जाऊन भेटला म्हणजे..."

"असू दे, काका."

काचेच्या पेटीतल्या काट्यावर त्यांनी वजन ठेवलं. एकशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक. मग चिमट्याने शिशाचा तुकडा शेजारी ठेवला. आकडे थरथरले आणि थांबले. दोनशे.

"बघ," काका हळूच म्हणाले, "तुकड्यासकट केसभर इकडे नाही की तिकडे नाही. असा माणूस."

"तुकडा केव्हा पडला असेल?"

"ते कसं सांगणार? त्या दिवसाच्या आधी, किंवा नंतर. कोठारात पोती फेकतात तशा पिशव्या फेकतात." त्यांनी प्रमाणपत्राचा कागद ओढला आणि लिहिता लिहिता म्हणाले, "आधी म्हणशील तर अवघड वाटतं. तुझा बाप तळाला अंगठा फिरवल्याशिवाय वजन ठेवायचा नाही. मी चिडवायचो, बाळाचं बूड पुसतोस का रे? म्हणायचा, डोळे फसतात, अंगठा फसत नाही. भोक रिकामं असतं तर अंगठ्याला लागलं असतं."

लिहिणं थांबलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"कागदावर मी दोन आकडे लिहिणार," काका म्हणाले. "शिशासकट आणि शिशाविना. अंगठ्याला यात रकाना नाही."

घरी येऊन तिने खटल्याच्या कागदांची फाइल काढली. हवालदाराची साक्ष तिने आधी तीनदा वाचली होती. चौथ्यांदा वाचताना सातव्या पानावर ते वाक्य होतं, आणि आधीही होतंच. *आरोपीने वजन हातात घेतले, उलटे केले, खालून पुसल्यासारखे केले व काट्यावर ठेवले.*

पुसल्यासारखे.

ती दुकानात उतरली. शटर अर्धं वर केलं, तेवढ्या उजेडात टेबलाशी बसली. शंभरचं वजन घेऊन तिने तळाला अंगठा फिरवला, डोळे मिटून. शिशाचा भाग पितळेपेक्षा मऊ लागला, जरासा थंड. शिक्क्याच्या रेघासुद्धा समजत होत्या. मग दोनशेचं घेतलं. अंगठा खड्ड्यात पडला. जिन्यात एक पायरी नसावी तसा.

शिसं त्या दिवशी जागेवर होतं. अप्पांचं वजन खरं होतं, काटा खरा होता, दोनशे बावन्न खरं होतं. हे जगात दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाकडे रकाना नव्हता. सरकारी वकील सातवं पान वाचतील, आणि त्यांना वाटेल म्हाताऱ्याने धूळ पुसली.

*

वरच्या कोर्टात त्यांचा नंबर दुपारी लागला. तिच्याशिवाय बाकावर कुणी नव्हतं. वकीलबाईंनी नऊ मिनिटं बोलून वजन, तुकडा, प्रमाणपत्र पुढे केलं. हिशेब सांगितला: वजन एवढं हलकं असेल, तर दोनशे बावन्न म्हणजे खरे दोनशे एकोणपन्नास पूर्णांक सहा. रेघेच्या अलीकडे.

"तुकडा यांनीच काढला नसेल कशावरून?" सरकारी वकील म्हणाले.

"पिशवीला सील होतं. आपल्याच हवालदाराने नोंद केली आहे."

सरकारी वकिलांनी पानं चाळली. सातव्या पानापाशी त्यांची बोटं थांबल्यासारखी वाटली, पण ते नुसतं पान चिकटलं होतं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. आवाज चांगला होता त्यांचा, मास्तरांसारखा. "अर्जदार, आपण मुलगी ना? वडिलांची कामाची पद्धत आपल्याला माहीत असेल. त्या दिवशी वजनात शिसं होतं की नव्हतं, याबद्दल आपल्याला काही सांगता येईल?"

ती उभी राहिली. तिला वाटलं, आता आपण म्हणू, साहेब, काटा कमी दाखवतोय. ते वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं. चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांची वजनं खरी केलेल्या माणसाची लेक दुसरं काय बोलेल? अप्पा बाकावर असते तर त्यांनीच उठून सांगितलं असतं, आणि हात पुसून परत बसले असते.

पण बाकावर कुणी नव्हतं.

"मी तिथे नव्हते, साहेब," ती म्हणाली.

"बसा."

निकाल तिथेच सांगितला गेला. शंकेचा फायदा. भोगली तेवढी शिक्षा पुरेशी, तीन वर्षं दोन महिने. वकीलबाईंनी तिचा हात दाबला, आणि पुढच्या फाइली गोळा करत निघून गेल्या. त्यांना खालच्या मजल्यावर आणखी एक काम होतं. ती बाहेरच्या व्हरांड्यात बराच वेळ उभी राहिली. हे सांगायला तिला एकच माणूस आठवत होतं, आणि त्यालाच ते आवडलं नसतं.

*

आदेशाची प्रत तुरुंगात द्यायला ती स्वतः गेली. नोंदवहीत अप्पांच्या नावापुढचे दहा तिला खोडलेले बघायचे होते.

कारकुनाने प्रत वाचली, आणि शेवटच्या ओळीशी थांबला. सगळ्या आदेशांच्या खाली असते तीच ओळ होती ती: *अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास तात्काळ मुक्त करावे.*

"ताई, हे आता मी..." त्याने मान खाजवली. "सुटकेच्या नोंदीला त्यांची सही लागते."

"दहा खोडा फक्त."

त्याने पट्टी घेतली आणि दहावर सरळ रेघ मारली, वर तीन वर्षं दोन महिने लिहिलं. उरलेल्या शिक्षेच्या रकान्यात थोडा वेळ पेन धरून बसला, मग आडवी रेघ ओढली. तिला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी वाटेल. शाई ओली होती, तेवढंच दिसलं.

शेजारच्या खिडकीत कुणीतरी भांडत होतं. पुन्हा पार्सल. या वेळी एक मध्यमवयीन बाई, आणि तिच्यामागे चार-पाच जण.

"ते गेल्यापासून हे असंच," कारकून म्हणाला. "दर सोमवारी आम्ही त्यांना बाहेर आणायचो या काट्यासाठी. कंगव्याने साफ करायचे. म्हणायचे, फडकं आत जात नाही, दाते जातात. कुणाकडून तरी मागून घेतला होता तो कंगवा." तो थांबला. "अरेच्चा. तोच होता की तो. बघा, माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही."

कंगवा अजून तिच्या पिशवीतच होता. पेटीही होती, शिक्केवाल्या काकांकडे शिसं पुन्हा ठोकून घ्यायला ती तिथूनच जाणार होती.

"काटा इकडे आणता येईल?" तिने विचारलं.

कारकुनाने शिपायाकडे पाहिलं, शिपायाने रांगेकडे. रांगेतली बाई म्हणाली, "आणा की हो, आम्ही कुठे पळतोय!"

काटा तिच्यापुढे आला. तिने ताटली उचलली, कंगवा उभा धरून खालून फिरवला. वाळलेला चहा, दोऱ्याचे तुकडे, एक तांदूळ. दुसऱ्यांदा फिरवला. ताटली बसवली. मग पेटीतलं दोनशेचं वजन काढलं, कागदाच्या पुडीतून शिशाचा तुकडा काढला आणि तो भोकात बसवून अंगठ्याने दाबला. ठोकलेला नव्हता, पण तेवढ्यापुरता राहिला. तिने वजन हातात उलटंच धरून ठेवलं, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"काय झालं?" कारकुनाने विचारलं.

"काही नाही. बघत होते."

तिने वजन ठेवलं. आकडे वर गेले, खाली आले. दोनशे साठ. तिने खालचा स्क्रू चाचपला, अप्पा दुकानात करायचे तसा अर्धा आटा फिरवला, आकडा जुळवायची कळ दाबली आणि आकडा दोनशेवर स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

"या," ती रांगेतल्या बाईला म्हणाली. "ठेवा तुमचं पार्सल."